तट, तोफ आणि रसद : वाचकांची प्रश्नोत्तरे

युद्धशास्त्र आणि शस्त्रास्त्रे या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. या वेळी सोलापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांची संख्या लक्षात घेऊन त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. ज्या प्रश्नाला विस्ताराची गरज होती तेथे विस्तार केला आहे, इतर ठिकाणी उत्तर थोडक्यात आटोपले आहे.

प्रश्न : मी नववीच्या मुलांना दरवर्षी आपला भुईकोट किल्ला दाखवायला नेते. मुले विचारतात की, येथे डोंगर नाही, कडा नाही, मग शत्रू सरळ चालत आत का येऊ शकत नव्हता? आणि किल्ला एवढा भक्कम होता, तर १८१८ मध्ये तो इतक्या लवकर इंग्रजांच्या हाती कसा गेला? (शिक्षिका, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : मुलांचे दोन्ही प्रश्न अगदी मर्माचे आहेत. डोंगरी किल्ल्याला निसर्गाने जे दिलेले असते ते भुईकोटाला हाताने उभे करावे लागते. सोलापूरच्या किल्ल्याच्या पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आहे आणि उरलेल्या बाजूंनी शंभर फुटांच्या वर रुंदीचा खंदक खणलेला होता. खंदक केवळ माणसांना अडवण्यासाठी असतो, असा समज आहे. त्याची खरी कामे त्याहून अधिक आहेत. खंदकामुळे शिडी तटाला टेकवता येत नाही, तटाखाली सुरुंग खणायला घेतला तर त्यात पाणी शिरते आणि वेढा घालणाऱ्याला आपल्या तोफा ठरावीक अंतरापलीकडे पुढे आणता येत नाहीत.

खंदक ओलांडलाच, तर पुढे दुहेरी तट होता. बाहेरचा तट ठेंगणा आणि आतला उंच ठेवल्यामुळे दोन्ही तटांवरून एकाच वेळी मारा करता येई आणि बाहेरचा तट चढून आलेला शत्रू दोन भिंतींच्या मधल्या अरुंद पट्टीत सापडे, जेथे त्याला आडोसा नसे. बुरूज तटाच्या रेषेपासून पुढे काढलेले असतात, कारण तटाच्या अगदी पायथ्याशी पोहोचलेला माणूस वर उभ्या असलेल्या शिपायाला दिसत नाही. त्याला टिपण्यासाठी शेजारच्या बुरुजावरून तटाला समांतर गोळी झाडावी लागते. आपण मुलांना पुढच्या वेळी बुरुजाच्या बाजूच्या जंगीतून, म्हणजे गोळी झाडण्यासाठी ठेवलेल्या भोकातून, बाहेर पाहायला सांगावे. तेथून समोरचे मैदान फारसे दिसणार नाही, तटाची कड मात्र स्पष्ट दिसेल, आणि बांधणाऱ्याचा हेतू त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

या किल्ल्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पिढ्यानपिढ्या भांडत राहिल्या. चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यात आला होता, यावरून त्याचे मोल कळते. दोन राजधान्यांमधल्या सपाट मुलखात धान्य, दारूगोळा आणि जनावरे सुरक्षित ठेवण्याचे ठिकाण ज्याच्या हाती, त्याची फौज पुढे सरकू शकत असे.

आता १८१८ कडे येऊ. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि मराठी फौजेचा कणा मोडला. पेशवे दुसरे बाजीराव घोडदळ घेऊन मुलूखभर फिरत राहिले, पण पायदळ आणि तोफखाना त्या वेगाने फिरू शकत नव्हता, म्हणून तो मोठ्या प्रमाणात सोलापुरात राहिला. इंग्रजांचा ब्रिगेडियर जनरल थॉमस मन्रो मे महिन्यात येथे पोहोचला. काळ्या मातीच्या प्रदेशात मे महिन्याला लष्करी महत्त्व आहे, कारण पावसाळ्यात याच जमिनीत तोफेची चाके आसापर्यंत रुततात, उन्हाळ्यात मात्र तीच जमीन रस्त्यासारखी कठीण होते. १० मे रोजी त्याच्या सैन्याने शिड्या लावून पेठेचा, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या तटबंद वस्तीचा, तट ओलांडला. पेशव्यांच्या तोफखान्याचे वंशपरंपरागत सरदार असलेल्या पानसे घराण्यातील गणपतराव पानसे तोफा घेऊन पेठेच्या पूर्वेकडून प्रतिहल्ल्यासाठी बाहेर पडले, परंतु ते जखमी झाले आणि त्यांची फळी फुटली. उघड्यावर आलेले पायदळ सीना नदीकडे निघाले तेव्हा इंग्रजांच्या घोडदळाने त्यांचा पाठलाग करून मोठी कत्तल केली. त्या शिपायांची नावे कोठे कोरलेली नाहीत. मुलांना किल्ला दाखवताना त्यांचाही उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.

पेठ गेल्यावर किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला आणि पाच दिवसांच्या आत किल्ला स्वाधीन झाला. तट दुबळे होते म्हणून हे घडले, असे मी मानत नाही. किल्ला आपल्या बाजूला वेळ मिळवून देतो. त्या वेळात बाहेरून कुमक येऊन वेढा उठवील, या भरवशावर आतली शिबंदी लढत असते. मे १८१८ मध्ये अशी कुमक कोठूनही येणार नव्हती. पुढे ३ जून रोजी खुद्द बाजीराव इंग्रज अधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. कुमकेची आशा संपलेल्या किल्ल्यात दारूगोळा कितीही भरलेला असला तरी शिबंदीचे मन टिकत नाही.

प्रश्न : विजापूरची मुलुखमैदान तोफ पूर्वी आपल्या जवळच्या परांडा किल्ल्यात होती, असे ऐकले आहे. एवढ्या अजस्र तोफेचा लढाईत प्रत्यक्ष उपयोग होत असे, की ती केवळ धाक दाखवण्यासाठी होती? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. पुढे ती परांड्याला होती आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली, जेथे ती आजही शेरझा बुरुजावर आहे. तिचे वजन सुमारे ५५ टन असून तिच्या नळीचे तोंड इतके रुंद आहे की आत माणूस बसू शकतो.

उपयोगाचे म्हणाल तर, अशी तोफ उडवणे म्हणजे एक लहानसा कारखाना चालवण्यासारखे होते. प्रत्येक बारानंतर नळीत उरलेला विस्तव ओल्या बोळ्याने विझवावा लागे, कारण एखादी ठिणगी राहिली तर पुढची दारू भरणाऱ्या गोलंदाजाच्या हातातच पेटे. मग मोजून दारू, तिच्यावर बोळा, त्यावर अवजड दगडी गोळा, मग काना (बत्ती देण्याचे छिद्र) साफ करून त्यात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, आणि शेवटी बत्ती. धक्क्याने तोफ मागे सरकली असेल तर तिचा रोख पुन्हा धरायचा. ओतीव धातू तापला की मऊ पडतो, म्हणून थंड होण्यासाठी थांबायचे. एवढे करून दिवसभरात मोजकेच बार निघत. हलणाऱ्या फौजेवर असा मारा व्यर्थ आहे. जागचा न हलणारा तट किंवा बुरुजासमोरचा एकच ठरलेला मार्ग, एवढीच तिची खरी लक्ष्ये. मात्र जवळच्या अंतरावर तोंडात लहान धातूचे तुकडे भरले तर परिणाम भयंकर होई. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून विजयनगरच्या फौजेवर जवळून मारा केला, अशी फारसी तवारिखेत नोंद आहे.

धाकाचे मूल्य मी कमी लेखणार नाही. पण युद्धकलेची वाट पुढे दुसरीकडे वळली. अठराव्या शतकात ज्या तोफखान्यांनी लढाया जिंकल्या त्यांच्या तोफा लहान होत्या, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या होत्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या नळ्यांचे व्यास ठरावीक होते. आपल्याकडे अनेक किल्ल्यांवर प्रत्येक तोफेचे तोंड वेगळे, त्यामुळे एकीचा गोळा दुसरीला चालत नसे आणि दारूचे मापही गोलंदाजाच्या अंदाजावर सोडलेले असे. व्यास एक झाला की गोळे आधीच ओतून ठेवता येतात, दारूच्या पिशव्या आधीच मोजून शिवता येतात आणि नवा गोलंदाज थोड्या काळात शिकून तयार होतो. माझ्या मते तोफखान्याच्या इतिहासातील ही सुधारणा सर्वांत मोठी, आणि तिच्याकडे संग्रहालयात सर्वांत कमी लक्ष जाते. खुद्द मुलुखमैदान १८५४ मध्ये मोडीच्या लिलावात निघाली तेव्हा तिला १५० रुपयांची बोली आली होती; ती विक्री रद्द झाली म्हणून आज ती आपल्याला पाहता येते.

प्रश्न : आमच्या तालुक्यात माचणूरला औरंगजेबाचा किल्ला आहे. एवढा मोठा बादशहा येथे वर्षानुवर्षे बसला असताना, आड घेण्याजोगा एक डोंगर नसलेल्या या सपाट मुलखात मराठ्यांनी गनिमी कावा कसा चालवला? (शेतकरी, मंगळवेढा)

उत्तर : गनिमी काव्याला डोंगर हवाच, ही समजूत सह्याद्रीतील लढायांमुळे पक्की झाली आहे. मैदानात डोंगराची जागा वेग आणि अंतर घेतात.

औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरजवळ होती. आपण शेतकरी आहात, त्यामुळे ही जागा का निवडली गेली असेल हे आपल्याला सांगावे लागू नये : बारमाही पाणी आणि ज्वारीचा मुलूख, म्हणजेच माणसांना धान्य आणि जनावरांना कडबा. पण शाही छावणी हे चालते शहर होते. हत्ती, घोडे, उंट, तोफांचे बैल, बाजार आणि जनानखाना मिळून त्या छावणीला रोज लागणारा चारा भोवतालच्या गावांतून थोड्याच काळात संपून जाई आणि मग सारा भार दूरवरून येणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवर पडे. मराठी स्वार हे तांडे गाठत. बादशहाच्या तोफांसमोर उभे राहण्याची त्यांना गरज नव्हती. त्या तोफा ओढणारे बैल उपाशी राहिले की काम होत असे.

संताजी घोरपडे यांनी नोव्हेंबर १६९५ मध्ये आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात दोड्डेरीजवळ जे केले ते या पद्धतीचे सर्वांत रेखीव उदाहरण आहे. त्यांच्यावर बादशहाने कासीमखान आणि खानाजादखान यांना धाडले होते. संताजींनी आपल्या फौजेचे तीन भाग केले. एका भागाने पुढच्या मुक्कामासाठी आघाडीला पाठवलेल्या तंबूंवर छापा घातला. त्यांच्या बचावाला मोगल धावले तेव्हा दुसरा भाग त्यांच्याशी भिडला. आणि खानांचे लक्ष त्या झुंजीत गुंतले असताना तिसऱ्या भागाने मागे राहिलेला मुख्य तळ लुटला. सामान गेलेली फौज दोड्डेरीच्या गढीत शिरली आणि तेथे उपासमारीने हतबल झाली. कासीमखान तेथेच मेला, बाकीच्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचवला. पुढे दोनच महिन्यांत मोगल सरदार हिम्मतखानही संताजींशी लढताना मारला गेला. ही वृत्ते ब्रह्मपुरीच्या छावणीत पोहोचली तेव्हा तेथे काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. त्यातच १६९७ मध्ये भीमेला आलेल्या महापुराने छावणीची मोठी हानी केली.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वेगवान घोडदळ मुलूख नासवू शकते, रसद तोडू शकते, पण अवजड तोफखाना नसेल तर भक्कम तट पाडू शकत नाही आणि एका जागी ठाण मांडून ती राखू शकत नाही. औरंगजेबाने हे ओळखले आणि १६९९ मध्ये ब्रह्मपुरी सोडून तो स्वतः एकेक गड घ्यायला निघाला. साताऱ्याच्या वेढ्यात, एप्रिल १७०० मध्ये, मोगलांनी बुरुजाखाली उडवलेला सुरुंग उलटून दरड त्यांच्याच जमलेल्या सैन्यावर कोसळली आणि शेकडो माणसे गाडली गेली. गड मिळाले, पण प्रत्येक गडामागे महिने गेले, आणि तेवढ्या काळात मराठी फौजा माळव्यापर्यंत मुलूखगिरी करू लागल्या होत्या.

प्रश्न : जुन्या काळातले बाण आणि आजचे पिनाक यांत काही नाते आहे का? (वाचक, बार्शी)

उत्तर : तत्त्व एकच आहे. पूर्वीचा युद्धातील बाण म्हणजे दारू भरलेली नळी आणि तिला बांधलेला बांबू किंवा पात्याचा दांडा. म्हैसूरकरांनी नळी लोखंडाची केली, त्यामुळे आतला दाब वाढून पल्ला वाढला, आणि १७८० मध्ये पोल्लिलूर येथे इंग्रजांच्या दारूच्या गाड्या उडाल्या त्यात या बाणांचा वाटा मानला जातो. बाणाला तोफेसारखी जाड नळी लागत नाही, कारण स्फोटाचा धक्का सोडणाऱ्या साधनावर येत नाही. म्हणून थोड्या वजनात पुष्कळ मारा करता येतो. उणीव नेमकेपणाची होती. पुण्याच्या पाषाण भागातील संरक्षण संशोधन संस्थेच्या एआरडीई या प्रयोगशाळेने विकसित केलेली पिनाक यंत्रणा एका वाहनावरून ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडते. तिच्या नव्या आवृत्तीत दिशा सुधारण्याची सोय आल्यामुळे ती जुनी उणीवही भरून निघत आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ड्रोनमुळे तोफा आणि रणगाडे कालबाह्य झाले, असे माझे सर्व मित्र म्हणतात. हे खरे आहे का? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या मित्रांना जे दिसले ते खरे आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो.

तोफखाना म्हणजे नुसती तोफ नव्हे. आधुनिक तोफ आपल्या लक्ष्याला पाहत नाही. ते वीस-पंचवीस किलोमीटरवर, टेकडीच्या पलीकडे असते. पुढे कोठेतरी लपून बसलेला निरीक्षण अधिकारी लक्ष्याचे ठिकाण कळवतो, मागे हिशेब करणारे पथक वारा, तापमान, हवेची घनता आणि दारूची मात्रा धरून तोफेचा कोन ठरवते, तोफ गोळा सोडते, निरीक्षक तो कोठे पडला हे सांगतो आणि दुरुस्ती होते. १९९९ च्या कारगिल युद्धात या साखळीची कठोर परीक्षा झाली. शत्रू शिखरांवर आणि आपले निरीक्षक उतारावर, त्यामुळे पाहणेच अवघड होते. त्या उंचीवर हवा विरळ असल्याने गोळा नेहमीपेक्षा लांब जातो आणि मैदानातले तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. तरीही आपल्या तोफखान्याने त्या युद्धात अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले आणि १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफांनी टायगर हिलसारख्या ठिकाणी पायदळाच्या चढाईला वाट करून दिली. ज्या जवानांनी त्या कड्यांवर पाऊल टाकले त्यांच्या शौर्याला तोफांनी साथ दिली, त्यांची जागा घेतली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

ड्रोनने या साखळीतील पहिली कडी, म्हणजे निरीक्षकाची, आमूलाग्र बदलली. आता डोंगरापलीकडचे चित्र क्षणात मिळते आणि दुरुस्ती मिनिटांऐवजी सेकंदांत होते. शिवाय काही ड्रोन स्वतःच शस्त्र होऊन लक्ष्यावर आदळतात. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने जुनी, दोन पंखांची अँटोनोव्ह विमाने वैमानिकाशिवाय शत्रूच्या दिशेने सोडली; त्यांच्यावर मारा करण्यासाठी आर्मेनियाच्या विमानवेधी यंत्रणा चालू झाल्या, त्यांची ठिकाणे उघड झाली आणि मग तुर्की बनावटीच्या बायरकतार ड्रोनने व अन्य शस्त्रांनी त्या टिपल्या. दोड्डेरीत संताजींनी आघाडीच्या तंबूंवर छापा घालून खानांना बाहेर काढले होते, त्याच जातीचा हा डाव आहे.

युक्रेनमध्ये २०२२ पासून स्वस्त ड्रोनने रणगाड्यांची मोठी हानी केली, हे सर्वांनी पाहिले. पण त्याच युद्धात दोन्ही बाजूंना सर्वांत मोठी चणचण तोफगोळ्यांची भासली. याचे कारण साधे आहे. छोटा ड्रोन दोन-चार किलो स्फोटक नेतो, १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोहून जड असतो. ड्रोनचा रेडिओ संकेत अडवता येतो, गोळ्याला संकेतच नसतो. जोराचा पाऊस, वारा किंवा धुके असेल तेव्हा ड्रोन जमिनीवर राहतात, तोफा चालू राहतात. संकेत अडवले जाऊ लागले तेव्हा कित्येक किलोमीटर लांब काचतंतू उलगडत जाणारे, त्या तंतूतूनच संकेत मिळवणारे ड्रोन आले. त्यांनाही उतारे निघत आहेत. युद्धातील प्रत्येक नव्या शस्त्राच्या मागे असा उताऱ्यांचा पाठलाग चालूच असतो.

बचावाच्या बाजूने आपल्या देशाचा अनुभव ताजा आहे. मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सीमेपलीकडून आलेल्या ड्रोनच्या झुंडींना तोंड देताना आकाश क्षेपणास्त्रांबरोबरच एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या अनेक दशके जुन्या विमानवेधी तोफा वापरात आल्या. नळी जुनी असली तरी एल-७० सारख्या तोफांवर नेम धरणारी साधने आणि त्यांना माहिती देणारे जाळे नवे होते. येथे हिशेब पैशांचाही आहे : काही हजारांच्या ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र खर्च करत राहिलो तर ड्रोन पाडूनही आपलेच कोठार रिकामे होईल, म्हणून स्वस्त गोळ्याने स्वस्त ड्रोन पाडणे भाग आहे.

आपण अभियांत्रिकी शिकत आहात, म्हणून एक सुचवावेसे वाटते. ड्रोन उडवणे आता कोणालाही जमते. बॅटरी, संवेदक, संकेत अडवले जात असताना संपर्क टिकवणे आणि उपग्रहाच्या मदतीशिवाय आपले ठिकाण ओळखणे, या गोष्टी अवघड आहेत, आणि आपल्या सैन्याला त्या जाणणारी माणसे हवी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला तोफखान्यात अधिकारी व्हायचे आहे. मुलींना तेथे प्रवेश आहे का? (पालक, अक्कलकोट)

उत्तर : आहे. एप्रिल २०२३ मध्ये चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून उत्तीर्ण झालेल्या पाच महिला अधिकाऱ्यांची तोफखान्यात प्रथमच नियुक्ती झाली. पायदळ आणि रणगाड्यांचे दल मुलींसाठी अजून खुले झालेले नाही. आपल्या मुलीपुढे दोन वाटा आहेत : बारावीच्या सुमारास केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होणारी एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा, किंवा पदवीनंतर सीडीएसच्या (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षेतून चेन्नईची अकादमी. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. सैन्यदलासाठी एनडीएला कोणत्याही शाखेतील बारावी चालते, परंतु परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर असतो आणि तोफखान्याचे पुढचे शिक्षणही गणितावरच उभे आहे, त्यामुळे तिने गणित सोडू नये. तोफखान्यात नियुक्ती झाल्यावरचे विशेष प्रशिक्षण आपल्याच राज्यात, नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना विद्यालयात होते. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी धावणे आणि पोहणे आतापासून सुरू करावे, आणि दृष्टिदोष असल्यास तो परीक्षेच्या नियमांत बसतो का, हे अर्ज भरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.